साहेबांची नखं

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. माळ्यावर रिकामे डबे साठत जातात तसे ते साठतात आणि भलतंच काही शोधायला गेलं की अंगावर कोसळतात. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधली दुसऱ्या मजल्यावरची माणसं आता पांगली. लग्नाला नाहीतर मयताला भेट होते, हल्ली मयतालाच जास्त. पण भेटलो की कोणीतरी सावंतकाकांच्या सशाचा विषय काढतोच. सुरुवात दर वेळी हसूनच होते. शेवटाला कोणी हसत नाही, तरी विषय काढायचं काही थांबत नाही.

*

सावंतकाका मूळचे मालवणकडचे. गिरणी सुटल्यावर औषधांच्या एका कारखान्यात लागले. तिथे सशांना औषध टोचून ताप येतो का ते बघत, आणि त्या सशांचं खाणंपिणं, पिंजरे धुणं काकांकडे होतं. एक पांढरा ससा म्हातारा झाला, टोचायला त्याच्या कानाची शीर सापडेना, म्हणून त्याला काढून टाकायचं ठरलं. काकांनी वरिष्ठांच्या हातापाया पडून तो मागून घेतला आणि बाजाराच्या पिशवीतून घरी आणला.

"नाव काय ठेवलंत?" मी विचारलं.

"साहेब," काका म्हणाले. "खाणं जागेवर, ताप बघायला रोज डॉक्टर. मी इतकी वर्षं गिरणीत काढली, माझा ताप कोणी बघितला काय?"

आणला होता तो काकींसाठी. काकींना साखरेचा आजार, पाय बधिर झालेले, दिवसभर खाटेवर. मूलबाळ नाही. साहेब तसा कोणालाही हात लावू द्यायचा नाही. जन्मभर मान पेटीत अडकवून बसवलेला प्राणी तो, त्याला माणसाच्या हाताचा भरवसा कसा वाटणार? काकींना वाकून त्याला उचलता यायचं नाही, त्यामुळेच असेल, पण तो आपणहून त्यांच्या पायांवर जाऊन बसायचा. बसायच्या आधी पुढच्या पंजांनी जागा उकरून घ्यायचा.

"खणता मेलो," काकी कौतुकाने म्हणायच्या. पायावर ओरखडे उठलेत, हे आम्हीच त्यांना सांगायचो.

मग डॉक्टरांनी काकांना दाराबाहेर घेतलं. "सावंत, या पायाची जखम भरत नाही. एक तर सशाची नखं कापलेली ठेवा, नाहीतर ससा घालवा."

काका आत आले ते माझ्याकडे बघतच. मी समोरच्याच खोलीत राहायचो आणि मजल्यावर नवाकोरा नेलकटर फक्त माझ्याकडे होता. माझी पात्रता तेवढीच.

*

पहिली खेप संध्याकाळी झाली. काका पाळीवरून आले आणि साहेबांना गोणपाटात गुंडाळून मांडीत घेतलं. गोणपाटातून एक पाय बाहेर ओढायचा आणि मी नख कापायचं, असं ठरलं होतं. साहेबांना हे कोणी कळवलं नव्हतं. त्यांनी मागच्या पायांनी अशी काही लाथ मारली की काकांचा चष्मा मोरीत गेला आणि माझा नेलकटर नखाच्या मुळाशी बसला.

पांढऱ्या अंगावर एवढंसं रक्तही केवढं दिसतं! काकांनी धावत जाऊन हळदीचा डबाच त्या पायावर उपडा केला. साहेब सुटले ते थेट काकींच्या पायांवर.

काकींनी तो पिवळाधमक पंजा बघितला. "ह्येका हळद कोणी लावली? लगीन ठरला काय मेल्याचा?"

इतके हसलो की खालच्या मजल्यावरून विचारायला आले. कापून झालं होतं एकच नख. काका हसत नव्हते, ते काकींच्या पायावरचं रक्त सशाचं की काकींचं, हे पुसून पुसून बघत होते.

*

मुलुंडात तेव्हा जनावरांचा डॉक्टर म्हणजे तबेल्यावर येणारा. त्याने साहेबांकडे लांबूनच बघितलं. "मी म्हशी बघतो," तो म्हणाला. "पण सांगतो. हा माती खणत नाही म्हणून नखं वाढतात. माती द्या, आपोआप झिजतील."

काकांनी फळांचं लाकडी खोकं आणलं आणि मातीच्या पिशव्या दोन जिने चढवून वर आणल्या. काकी म्हणाल्या, माती रिकामी कशाला, थोडे धणे टाका. टाकले. साहेबांनी कोथिंबीर उगवेपर्यंत वाट बघितली, बसल्या जागी ती बुडख्यापासून खाल्ली आणि खणायला परत काकींच्या पायांवर गेले.

*

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या भागातल्या कारखान्यांना विजेच्या टंचाईमुळे आठवड्याची सुट्टी वाटून दिलेली असायची. काकांची आणि माझी दोघांचीही शनिवारी. आणि शनिवारी काकी नखं कापू द्यायच्या नाहीत. दिवेलागणीनंतरही नाही, त्या पहिल्या खेपेवरून आम्ही दोघांनी बोलणी खाल्ली होती. उरली पहाट. पहाटे पाळी गाठायच्या घाईत दोन अर्धवट झोपलेली माणसं आणि एक टक्क जागा ससा. हातावर पट्टी बांधूनच कामावर जायची पाळी यायची.

तोडगा काढला कांबळ्यांनी. ते आमच्या शेजारचे, ट्रॉम्बेला सरकारी नोकरी, पाच दिवसांचा आठवडा नुकताच लागलेला. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. आमची ही तारांबळ बघून एके शनिवारी ते दारात येऊन उभे राहिले.

"काकी, ससा आमच्याकडे पाठवा. आमच्याकडे शनिवार नसतो."

काकी विचारात पडल्या. इकडे काकांचा जीव टांगणीला लागलेला. शेवटी काकी म्हणाल्या, "त्यांच्या घरात कापल्यार चलात."

तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी साहेबांची स्वारी चार पावलं चालून कांबळ्यांकडे जायची. कांबळे दार लावून घ्यायचे, स्टूल मांडायचे, खांद्यावर जुना टॉवेल. ते धरायचे, मी कापायचो आणि काका "सांभाळून, सांभाळून" म्हणायचे. चावे, लाथा, ओरखडे सगळं चालूच राहिलं. फक्त शनिवारची कटकट मिटली. कापलेली नखं मात्र कागदात बांधून खाली टाकावी लागत, कारण घरात नख पडलं की भांडणं होतात असं काकी म्हणायच्या आणि हे कांबळ्यांच्या घरालाही लागू होतं.

"आमच्यात शनिवार नाही, पण भांडणं आहेत," कांबळे म्हणाले आणि मुकाट्याने झाडू घेतला.

*

मग कारखान्यात माल अडला आणि काकांना शनिवारीही बोलावू लागले. कांबळे मुलीच्या ॲडमिशनमागे होते, मी गावी. नखं राहिली.

काकींचा पायमोजा ओला लागला तेव्हा काकांना कळलं. काकींना काहीच कळलं नव्हतं. पायाची करंगळी काळी पडली होती. हॉस्पिटलात ती काढली.

काकी हॉस्पिटलात असतानाच काकांनी ससा पिशवीत घातला आणि वाकोल्याला भाच्याकडे सोडायला गेले. संध्याकाळी परत आले तर हातात तीच पिशवी आणि पिशवीतून दोन कान वर.

"काय झालं?"

"सूनबाई चांगली आहे," काका खाली बसत म्हणाले. "चहा दिला. मग विचारलं, मामा, मसाला घरचा आणलाय की मी वाटू?"

काकी घरी आल्या. पायाला हे मोठं बँडेज. काका म्हणाले, ससा कुठेतरी चांगल्या जागी देऊ या. काकींनी खाटेवर हात थोपटून साहेबांना जागा दाखवली.

"ऱ्हवांदे त्याका. माझी बोटां अजून नऊ आसत."

हा किस्सा सांगताना कांबळे आजही मध्येच उठून पाणी प्यायला जातात.

*

पुढे शनिवार चुकवला नाही. साहेबांची नखं माझ्या नखांपेक्षा नीट असायची. पायाला परत ओरखडाही उठला नाही. आणि काकी गेल्या त्या किडन्या गेल्यामुळे. नखांचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी काकांना समजावून सांगितलं. काकांनी मान हलवली, पण ऐकलं असं वाटलं नाही.

सुतकात नखं कापत नाहीत. गावाहून काकांचे थोरले भाऊ आले होते, त्यांनी सगळं रीतसर चालवलं होतं. मध्ये साहेबांचा शनिवार आला. कांबळे हळूच म्हणाले, "काका, माझ्याकडे द्या त्याला. आमच्याकडे चालतं."

"नको," काका म्हणाले.

भाऊ वैतागले. "अरे, मुक्या जनावराला कसलं सुतक?"

"घरात जेवता मां?" काका म्हणाले. "मग त्याका पण सुतक असा."

दहाव्याला काकांनी डोकं केलं, तेरावं झालं, भाऊ गावाला गेले.

*

त्यानंतरच्या शनिवारी कांबळ्यांनी स्टूल मांडलं. मी नेलकटर घेऊन गेलो. दोघंही दाराकडे बघत बसलो. काका काही आले नाहीत.

शेवटी आम्हीच उठून गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. काका काकींच्या खाटेवर बसले होते, लुंगी गुडघ्यापर्यंत घेऊन, पाय काकींसारखेच लांब केलेले. साहेब पायांवर. नुकतंच उकरून झालं असावं, कारण नडग्यांवर लाल रेघा होत्या आणि एका रेघेतून रक्त घोट्यापर्यंत आलं होतं.

"काका, आणा त्याला," कांबळे म्हणाले. "शनिवार आहे."

"नको."

"अहो, पाय बघा तुमचे. रक्त येतंय."

काकांनी पायांकडे बघितलं.

"तिका कळना नाय होता," ते म्हणाले. "माका कळता."

कांबळ्यांनी टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतला. आम्ही दार होतं तसं लोटलं आणि परत आलो.