दहावी खुंटी

भिंगारच्या आमच्या घरात दाराशेजारी दहा लोखंडी खुंट्या होत्या. आत येणाऱ्यानं बाहेरची टोपी खुंटीला लावायची आणि खिशातली प्रार्थनेची गोल टोपी डोक्यावर घालायची. आमच्यात सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची तर दहा पुरुष लागतात, आणि माणसं बोट दाखवून मोजू नयेत, असंही लहानपणी शिकवलेलं असतं. म्हणून मी टोप्या मोजायचो. दहावी टोपी लागली की प्रार्थनेला सुरुवात.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत नगरच्या छावणीत नोकऱ्या निघाल्या आणि अलिबाग, पेण, मुंबईकडची आमची पोरं डेपोत, कचेऱ्यांत येऊन पडली. प्रत्येक जण कुणाच्या तरी पडवीत एकेकटा राहायचा. माझा इथला पहिला शुक्रवार मी खाणावळीत काढला. शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या शब्बाथच्या, आमच्या विसाव्याच्या दिवसाच्या, सरबतासाठी काळ्या मनुका पेल्यात भिजत घातल्या होत्या. मी हात धुऊन येईपर्यंत खाणावळवाल्यानं घाण पाणी समजून त्या ओतून दिल्या. मी त्याच्यावर असा ओरडलो की पुढे आठवडाभर त्यानं मला वाढताना हात आखडता घेतला. त्या संध्याकाळी मी ठरवलं, आपल्या पोरांसाठी घर घ्यायचं.

घरमालक भिंगारचा बागाईतदार होता. त्याला आमची जात काही केल्या समजेना. "घरात देव न्हाई म्हनता, मंग दिवा कुनाला लावता?" त्यानं विचारलं. स्वयंपाकाला येणार होत्या त्या आमच्यातल्याच एक विधवा मावशी. त्या म्हणाल्या, "देवालाच. तो दिसत नाही एवढंच." "आमचा तरी कुटं दिसतो," म्हणत त्यानं किल्ली दिली.

माझ्यासकट सात जण राहायला आले. पलटणीच्या दवाखान्यातला कंपाउंडर शुक्रवारी यायचा, आणि कोपरगावकडच्या साखर कारखान्यातला एक केमिस्ट महिन्यातून एकदा दुपारच्या गाडीनं. असे नऊ. मी घराला एकच नियम घातला होता: आलेल्याला "मूळचे कुठले?" असं विचारायचं नाही. आमची आडनावं गावांवरून पडलेली, आणि गाव कळलं की घराणं कळतं. आमच्यात गोरे आणि काळे असा भेद होता. त्याचा कातडीच्या रंगाशी फारसा संबंध नव्हता. घराण्यात कधीकाळी परजातीची आई असली की ते काळे. त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांच्या हाती तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, द्यायची नाही, आणि पुष्कळ ठिकाणी दहांत त्यांना धरतही नसत. माझ्या नियमाचा मला फार अभिमान होता. मुंबईच्या नातेवाइकांना पत्रातून तो मी दोनदा कळवला.

दहावा आला तो डेपोतला फिटर. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, हाताला कायम ग्रीसचा वास. आत यायच्या आधी ओट्यावर उभं राहून त्यानं मला सांगितलं, "भाऊ, नंतर कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगतो. आम्ही काळे." मी त्याच्या हातातली ट्रंक घेतली आणि म्हणालो, "इथं ते काही नाही. आत ये." तो आत आला. मी ते कुणाला सांगितलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, हा माझा मोठेपणा. आता वाटतं, सगळ्यांदेखत सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

खुंट्या त्यानंच केल्या. डेपोतल्या मोडीतल्या सळया वाकवून, कानशीनं टोकं गुळगुळीत करून त्यानं त्या फळीवर ठोकल्या. शेवटची स्वतःला ठेवली. वर्षभर ती जागा त्याचीच होती. मावशींची चूल, गळका नळ, माझी सायकल, सगळं त्यानंच दुरुस्त केलं. शनिवारी डेपो चालू असायचा, म्हणून आमचा शब्बाथ शुक्रवारच्या संध्याकाळीच काय तो व्हायचा. त्या संध्याकाळी सगळ्यांत मोठ्यानं गाणारा तोच होता आणि सगळ्यांत बेसूरही तोच.

एका मंगळवारी त्याला तार आली. कोकणात त्याची आई वारली होती. आमच्यात मयत ठेवत नाहीत, तो पोचेपर्यंत माती झालेली असणार. शिवाय रजाही मिळाली नाही. तो माझ्याकडे आला आणि एकच विचारलं, "या शुक्रवारी केमिस्ट येणार ना? दहा होतील ना?" आईसाठी कादिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचा होता, आणि दहा असल्याशिवाय कादिश म्हणता येत नाही. मी म्हटलं, "होतील."

दहाचे अकरा झाले. गुरुवारी केमिस्टचे काका मुंबईहून आले. तिथल्या एका प्रार्थनामंदिरात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि आमच्या घरासाठी तोरेची गुंडाळी पाठवायची की नाही, हे ठरवायलाच ते आले होते. मी वर्षभर त्यासाठी पत्रं लिहीत होतो. शुक्रवारी दुपारी त्यांनी पोरांना हसतखेळत गावं विचारली. माझा नियम त्यांना कुणी सांगितला नव्हता. मी तर नाहीच. फिटरनं गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "त्याला सोडून दहा होतातच की. अशानं तोरा कशी पाठवू?"

मी काय करायला हवं होतं ते मला त्याच क्षणी माहीत होतं. हे आठवलं की आजही मी स्वतःला माफ करू शकत नाही. समजलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही. मी दाराशी गेलो, शेवटच्या खुंटीवरची त्याची टोपी काढली आणि तिथे काकांची हॅट लावली. टोपी त्याच्या हातात देऊन म्हणालो, "आजच्या दिवस ओट्यावर उभा राहा. कादिश तिथूनच म्हण. आम्ही आतून आमेन म्हणू."

त्यानं टोपीकडे पाहिलं, मग खुंटीकडे. "बरं," म्हणाला.

प्रार्थना कादिशपाशी आली तेव्हा आम्ही थांबलो. बाहेरून आवाज आला नाही. मी दारातून डोकावलो तर ओटा रिकामा होता. काकांनी घसा खाकरला आणि पुढचं सुरू केलं. मावशींनी त्या रात्री त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं.

रविवारी तो ट्रंक घेऊन गेला. स्टेशनजवळ एका मुसलमान मिस्त्रीकडे त्यानं खोली घेतली. भांडला नाही. रस्त्यात भेटला की थांबायचा, मावशींची चौकशी करायचा. "परत ये," म्हणायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा हवापाण्याचं बोललो. तोरा आली, पण ती उघडायलाही दहा लागतात. ती कपाटातच राहिली.

युद्ध संपल्यावर वडील माझ्याकडे राहायला आले आणि त्याच घरात वारले. सात दिवस घरी प्रार्थना असते. केमिस्टही रजा काढून आला. पहिल्या संध्याकाळी खुंट्यांवर नऊ टोप्या होत्या. मी सायकल काढून स्टेशनकडे निघालो. सुतकात बाहेर पडू नये, तरी निघालो. तो नुकताच कामावरून आला होता. मी काही बोलायच्या आधीच त्यानं हात धुतले आणि माझ्याबरोबर चालू लागला.

घरापाशी आल्यावर तो ओट्यावरच थांबला. "आत ये," मी म्हणालो. टोपी घ्यायला हात पुढे केला. "राहू दे भाऊ," तो म्हणाला. "इथून ऐकू येतं." मला रडू आलं. पोरं वाट पाहत होती, ऊन उतरत होतं. मी आत गेलो आणि वडिलांसाठी कादिश म्हटला. सगळ्यांत आधी आमेन आलं ते पाठीमागून, ओट्यावरून.

संपल्यावर मी बाहेर धावलो. "आता तू म्हण. आईसाठी. आम्ही सगळे आहोत," मी म्हणालो.

"तिचा म्हटला की मी," तो म्हणाला. "त्या शुक्रवारीच. इथून स्टेशनपर्यंत चालत गेलो ना, तेव्हा. आमेन म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून तेही मीच म्हटलं."

मग त्यानं चपला घातल्या आणि विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

तो सातही दिवस आला. सातही दिवस ओट्यावरच उभा राहिला.