चौथ्या मजल्याची घरपट्टी

भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या अंगाला आमची इमारत होती. तळाला दुकानं आणि वर चार मजले. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मुंबईतल्या एका खोलीतून आलेल्या माणसाला ते पद फार मोठं वाटायचं. इमारतीला घरपट्टी लागलेली नव्हती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कोणी नसे. मंजूर नकाशात तीनच मजले होते, चौथा बिल्डरने नंतर चढवला होता. माझं घर दुसऱ्यावर होतं. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जसा वागलो त्यात याचाही वाटा आहे.

चौथ्यावर परभणीकडचा एक पोस्टमन राहायचा. नवरा-बायको आणि दोन मुली. गावची जमीन विकून त्याने ते घर घेतलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पालिकेची निवडणूक आली. आमच्या वॉर्डात एक उमेदवार बिल्डरचा साडू होता. तो म्हणाला, "मतं द्या, महिन्याभरात घरपट्टी लावून देतो." दुसऱ्या होत्या एक निवृत्त शिक्षिका. त्या दारोदार सांगत होत्या, "कर लागला म्हणजे घर कायदेशीर होत नाही. बिल्डर अजून इथे आहे तोवर त्याला दंड भरायला लावू, मजला नियमित करून घेऊ. वेळ लागेल, पण कागद पक्का होईल."

वेळ कुणाला हवा होता? घरपट्टीचं बिल म्हणजे घराचा जन्मदाखला, अशी आमची समजूत होती. नळ मागा, रेशनकार्ड मागा, जो तो आधी तेच बिल मागायचा.

गच्चीवर मीटिंग घेतली. पोस्टमन उठला. "सेक्रेटरी साहेब, बाई बरोबर बोलायल्यात. बिल्डर निघून गेला तर मग धरायचं कुणाला?"

मी म्हणालो, "तुम्ही पत्रं वाटा हो, कायदा आमच्यावर सोडा."

सगळे हसले. तोही हसला आणि खाली बसला.

मतदानाच्या दिवशी मी प्रत्येक दार वाजवून लोकांना खाली उतरवलं. पोस्टमनच्या बायकोच्या हातात चिठ्ठी देऊन निशाणीही मीच सांगितली. साडू निवडून आला. आमच्या एका इमारतीत जेवढी मतं होती, त्याहूनही कमी फरकाने. दिल्लीच्या निवडणुकीत माझ्या मताने काय होतं, मला कधी कळलं नाही. इथे मात्र सरळ दिसत होतं.

त्याने शब्द पाळला. अख्ख्या इमारतीचं एकत्र बिल माझ्या नावे आलं. बायकांनी बिलाला हळदकुंकू वाहिलं, मी पेढे वाटले. खालचा किराणावाला म्हणाला, "टॅक्स आया तो मिठाई? भाऊ, आप लोग पहले हो दुनिया में."

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही आकारणी झाली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही.

संध्याकाळी पोस्टमन वर जाता जाता दारात थांबला. "सगळं वाचलंत ना साहेब? काही राहिलं न्हाई ना?"

"पक्कं झालं. आता निवांत राहा."

तो निवांत राहिला. पीएफमधून कर्ज काढून फरशी बसवली. गावचं उरलेलं घर विकून म्हाताऱ्या आईला घेऊन आला. बिल्डरने दरम्यान ऑफिस बंद केलं. दोन-तीन वर्षांनी कुणीतरी तक्रार केली आणि चौथ्या मजल्याला नोटीस आली. आम्ही नगरसेवकाकडे धावलो. तो शांतपणे म्हणाला, "घरपट्टी लावतो म्हणालो होतो, लावली. मजला वाचवतो असं कधी बोललो?"



पोस्टातल्या साहेबांना दाखवायला म्हणून पोस्टमनने ते बिल मागून नेलं. परत आणून दिलं तेव्हा खालच्या ओळीवर बोट होतं. "ही ओळ तुम्ही वाचली होती का?"

"नाही हो. एवढं बारीक कोण वाचतं?"

आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचलेल्या माणसाला मी हे सांगितलं. त्याने कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि जिना चढून गेला.

चौथ्यावर पालिकेचे घण चालू होते तेव्हा त्याची आई माझ्या दारासमोरच्या पायरीवर बसून होती. माझ्या बायकोने पाणी दिलं, तिने घेतलं नाही. माझ्या छताला तडासुद्धा गेला नाही.

ते लोक भाईंदर पश्चिमेकडच्या डोंगरीला भाड्याने राहायला गेले. पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर मी एकदा बसने तिकडे गेलो, खरं सांगून टाकायचं ठरवून. आई तोवर गेली होती. त्याने चहा करायला सांगितला, मुलींच्या शाळेचं बोलला. मग विचारलं, "औंदा मत कुणाला?"

"ठरवलं नाही अजून."

"आधी नकाशा मागा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला पुढे बोलता आलं नाही. चहा पिऊन मी परत आलो.

आता तो नाही. मी ती ओळ वाचली होती. बिल हातात आलं त्याच दुपारी, चष्मा लावून, दोनदा.