न ओढलेली चौथी तार

वीज मंडळाच्या सेक्शन ऑफिसात किस्से जळक्या फ्यूजच्या तुकड्यांसारखे साठतात. कामाचे नसतात, पण टाकवतही नाहीत. नव्वदच्या दशकात जुन्नर-आंबेगावात ज्युनिअर इंजिनिअर होतो, तेव्हा मी पुष्कळ साठवले. त्यातले बरेचसे माझ्याच शहाणपणाचे!

*

लोणीच्या एका बागायतदारांना फॉर्म भरताना मी ऐटीत विचारलं, सिंगल फेज हवी की थ्री फेज? वर दोन्हींतला फरक दहा मिनिटं समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दोनीतली जी कमी जाती, ती द्या, राव."

*

एकदा जळालेली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बदलताना दोन तारांची अदलाबदल झाली. गावानं नारळ फोडला, आम्ही पेढे खाल्ले आणि ओढ्याकाठच्या साऱ्या मोटरी उलट्या फिरू लागल्या! दुसऱ्या दिवशी आमचे वायरमन गेनभाऊ यांनी तारा सरळ केल्या. संध्याकाळी एक आजोबा ऑफिसात हजर. त्यांनी आदल्या दिवशीच आपल्या मोटरीची दोन टोकं बदलून घेतली होती. आता साऱ्या गावात त्यांच्या एकट्याचीच मोटर उलटी.

"इचारायचं तरी व्हतं," एवढंच म्हणाले. विचारणं हा माझा गुण नव्हताच.

*

मढला शेतपंपांसाठी नवी डीपी बसवत होतो. तार कमी पडली. डीपीवरून चार तारा निघतात, तीन फेजच्या आणि चौथी न्यूट्रल. पंपाला तीन पुरतात; चौथी लागते ती घरातल्या दिव्याला. चौथी ओढायचीच नाही, असं मी ठरवून टाकलं.

गेनभाऊ म्हणाले, "साहेब, मळ्यात माणसं ऱ्हात्यात. दिवा लावल्याबिगर कशी ऱ्हातील?"

कनेक्शन पंपाचं आहे, दिव्याचं नाही, असं मी सुनावलं.

तिथल्या हौसाबाईंनी दिवा लावलाच. एक टोक फेजला, दुसरं लोखंडी सळईला, आणि सळई गोठ्यामागच्या ओल्या जमिनीत. न्यूट्रल नसली की मळ्यामळ्यात लोक हेच करत. पावसाळ्यात त्यांची एकुलती एक दुभती म्हैस सळईजवळ गेली आणि ओल्या जमिनीत उतरलेल्या विजेनं जागीच मेली.

पंचनाम्याला मीच गेलो. भरपाई मिळणार की नाही, ते माझ्या एका ओळीवर होतं. मी लिहिलं, 'ग्राहकाने अनधिकृत दिवा जोडला होता.' ते खरंच होतं. न ओढलेल्या तारेबद्दल मी अवाक्षर लिहिलं नाही. गेनभाऊ शेजारीच उभे होते. मला आजही त्या ओळीची लाज वाटते.

हौसाबाईंनी अंगठा उठवला, हात धुतले आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आल्या.

"कोरा हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "गोड मानून घ्या."