सहाची युक्ती, नवाचा डाव

नेरेइदा कियाला बाईंनी पूर्वेकडच्या सान्तियागोच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. पोरं कंटाळली की बाई डोमिनोची जादू काढायच्या. दोन वेगळ्या अंकांची एक सोंगटी गुपचूप खिशात घालायच्या आणि उरलेल्या सगळ्या अंकाला अंक जुळवत एका ओळीत लावायला सांगायच्या. ओळीच्या दोन टोकांना जे अंक येतील, तेच खिशातल्या सोंगटीवर! कधी म्हणून चुकली नाही ती जादू.

म्हातारपणी त्या लेकीकडे राजधानीत, हाबानाला आल्या आणि बोलायलाच कुणी उरलं नाही. लेक-जावई दिवसभर कामावर. शेजारणी "बऱ्या आहात ना?" विचारायच्या आणि उत्तराआधीच पाठ फिरवायच्या. कोपऱ्यावरच्या बदामाखाली मात्र रोज दुपारी डोमिनोचं टेबल नुसतं गर्जत असायचं. बाईंना तिथं बसायचं होतं, बस्स. दोन महिने त्या उभ्या राहून बघत होत्या.

एके दिवशी भिडू आला नाही म्हणून म्हातारा बसड्रायव्हर उबाल्दो चरफडत होता. बाई धीर करून म्हणाल्या, "मी बसू?"

"तुम्ही? अहो, तुम्ही पूर्वेकडचे लोक शून्य ते सहाच्या सोंगट्यांनी खेळता. इथं नवापर्यंत असतं, झेपेल का?"

"मला मोजायला शिकवतोस होय रे? थांब, दाखवते!" सहा काय नि नऊ काय, असं म्हणत बाईंनी एक सोंगटी खिशात टाकली. "लाव बाकीच्या ओळीत."

उबाल्दोनं लावल्या, मोडल्या, पुन्हा लावल्या. दर वेळी हातात तीन-चार उरायच्याच. "जादू राहिली वाटतं सान्तियागोच्या गाडीत!" तो ओरडला आणि सगळे खो-खो हसले. बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी तांदूळ निवडता निवडता त्यांचे हात थबकले. अगं बाई, सहाच्या संचात प्रत्येक अंक दुसऱ्या सहा अंकांना भेटतो! एक सोंगटी आत यायला, एक बाहेर जायला, जोड्या बरोबर लागतात. नवाच्या संचात तो नऊ जणांना भेटतो, म्हणजे एक बिनजोडीचा राहणारच. असे दहाही अंक अडलेले! "चौतीस वर्षं काय भोपळा शिकवलास, नेरेइदा?" त्यांनी स्वतःलाच झापलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक नाही, चार सोंगट्या काढल्या, त्यांवरचे आठही अंक वेगवेगळे. "आता लाव. हातात उरल्या तर मधे ओळ फोडून बसव. या आठांच्या जोड्या आता लागतात, अडलेले दोनच उरले: एका टोकाला पाच येईल, दुसऱ्याला आठ."

अर्धा तास उबाल्दो ओळ फोडत, जोडत राहिला. शेवटची सोंगटी बसली. पाच आणि आठ.

"आयला!" उबाल्दो म्हणाला आणि डोकं खाजवत त्यानं पायानंच खुर्ची पुढे सरकवली. "बसा. पण डावात जादूबिदू चालायची नाही."

तिसऱ्याच डावाला तो टेबलावर मूठ आपटून कडाडला, "अहो बाई, डोळे आहेत की बटणं? भिडूचं नाक कापलंत! तो नऊ आत्ता टाकायचा असतो का?"

बाईंचे डोळे भरून आले. दोन महिन्यांत त्यांच्यावर असं हक्कानं कुणी ओरडलं नव्हतं.

"गप रे मेल्या!" त्या त्याच्याहून मोठ्यानं ओरडल्या. "आधी तू चार का अडवलास ते सांग!"