तोच सिनेमा, नवीन केलेला

हॉलिवुडवाल्यांना नवीन काही सुचेनासं झालंय, हे मला रत्नागिरीच्या बाजारात एका सीडीच्या दुकानात कळलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. जी सीडी उचलावी तिच्यावर जुन्याच सिनेमाचं नाव आणि नवे चेहरे. एवढा पैसा, एवढी माणसं, आणि शेवटी शिळ्या कढीला ऊत. तेव्हा मला नुसतं हसू आलं होतं. आता त्यांचं नाव काढलं तरी तळपायाची आग मस्तकाला जाते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शाळेत इंग्रजी शिकवायचे. माझ्या लहानपणी टॉकीजला रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा आणि त्याच संध्याकाळी आमच्या पडवीत अण्णा तो सांगायचे. आळीतले लोक जेवणं लवकर उरकून यायचे. सिनेमा बघून आलेलेही यायचे, आपण सकाळी नेमकं काय बघितलं ते कळावं म्हणून. अण्णा सिनेमाला कोकणात आणून बसवायचे. परदेशातलं बंदर दाभोळ व्हायचं, कप्तान तांडेल व्हायचा, आणि कोणाला काही खटकायचं नाही.

त्यातला एक सिनेमा मात्र ते दरवर्षी एकदा तरी सांगत. माणूस गलबतावर जातो, बायको रोज तिन्हीसांजेला खिडकीत दिवा लावते. वर्षं जातात. शेवटी एक दिवस ती स्वतःच दिवा विझवते, खिडकी लावून घेते, संपलं. हा त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आईबरोबर बघितलेला. आईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, म्हणून अण्णा अख्खा सिनेमा तिच्या कानात मराठीतून सांगत होते दोघांत एक शेंगदाण्याची पुडी होती, आणि मागचा माणूस सारखा खाकरत होता. पडद्यावरच्या बाईने दिवा विझवला तेव्हा सगळं थिएटर गप्प झालं, आणि आई मोठ्याने म्हणाली, "विझवलान कशाला? तेल होतं की अजून." लोक हसले. अण्णा गोष्ट नेहमी ह्याच वाक्यावर संपवायचे, अगदी आईच्या आवाजात. आई आत चुलीशी बसून लटकं रागवायची.

आई गेली आणि चारेक वर्षांनी अण्णा विसरायला लागले. आधी चष्मा, मग घराचा रस्ता, मग माणसं. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघून, ह्या बाई कोण, असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले. डॉक्टर म्हणाले, जे आठवतंय त्यावर त्यांना रोज बोलतं ठेवा. आठवत होता तो सिनेमा. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की म्हणायचे, अण्णा, दिव्याची गोष्ट सांगा. ते एक शब्दही न चुकता सांगायचे. खाकरणारा माणूस यायचा, शेंगदाण्याची पुडी यायची, शेवटी आईचं वाक्य यायचं. फोटोतली बाई ते ओळखत नव्हते, पण गोष्टीत आई त्यांच्या शेजारी बसलेली असायची. आमच्या घरात ती तेवढीच उरली होती.

आणि मला अक्कल सुचली, की त्यांना तो सिनेमाच दाखवावा.

त्या सीडीच्या दुकानातला माणूस म्हणाला, जुना कुठे मिळतो आता, हा न्या, तोच आहे, नवीन केलाय. नाव तेच होतं. कव्हरवर खिडकी होती, दिवा होता. काहीच नाही त्यापेक्षा बरं, असं म्हणून मी घेतला. रविवारी दुपारी लावला. रंगीत समुद्र, कॉम्प्युटरवर केलेल्या डोंगराएवढ्या लाटा, आणि शेवटी तो माणूस चक्क परत येतो. दिवा जळतोय, दोघं धक्क्यावर मिठी मारतात, बँड वाजतो. मला शिसारी आली. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. किती दिवसांनी ते असे खुलले होते, म्हणून मीही हसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी तीनदा लावायला सांगितला आणि मी लावला.

मग एका संध्याकाळी गोष्टीत गलबत परत आलं.

मला वाटलं, चुकले असतील. म्हटलं, अण्णा, तो येत नाही ना, ती दिवा विझवते. ते चिडले. "सिनेमा मी बघितलाय, बाये. तू नाहीस बघितलास." खरंच होतं ते, जुना मी कधी बघितलाच नव्हता. दुसऱ्या दिवशीही गलबत आलं, तिसऱ्या दिवशीही. खाकरणारा माणूस गेला, शेंगदाणे गेले. मी सीडी माळ्यावर टाकून दिली, पण आता तिची गरजच नव्हती.

शेवटी धीर करून विचारलं, "तुमच्या शेजारी कोण बसलं होतं, अण्णा?"

"कोण बसणार? घरीच तर बघितला, ह्या टीव्हीवर."

"तेल होतं की अजून, असं कोणीतरी म्हणालं होतं ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलगी काहीतरी भलतंच विचारतेय, पण दुखवायला नको, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"कसलं तेल?" ते म्हणाले.