आत्याच्या पडद्यावरची संध्याकाळ

दुपारचं जेवण झालंय, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय आणि कापडाच्या गुंडाळीला टेकून मी डोळे मिटलेत. झोपायचं नाहीये, नुसते डोळे निववायचेत. सकाळपासून त्यांनी केशरी सोडून दुसरं काही पाहिलेलं नाही. पंखा घरघरतोय. हळूहळू तो आवाज छपाईच्या मशीनसारखा व्हायला लागतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि मला आठवतं की मशीन तर मी थांबवलंय.

"थांबवलंस कशाला? मला बघायचंय."

दमयंती आत्या स्टुलावर बसली आहे. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत रंगलेले.

माझी आत्या सांगलीतल्या नाटकमंडळींचे पडदे रंगवायची. राजवाडे, अरण्यं आणि तिचा सगळ्यांत लाडका, नदीकाठच्या संध्याकाळचा पडदा. गेल्या दिवाळीनंतर ती गेली. हे मशीन त्यानंतर आलं, त्यामुळे तिनं ते पाहिलेलंच नाही. ती गेलीय हे मला झोपेतही पक्कं ठाऊक आहे, पण त्याचं दुःख करायला आत्ता सवड नाही. मला तिला मशीन दाखवायचंय.

"उद्या प्रयोग आहे," मी सांगते. "तुझ्याच पडद्यापुढे करायचा म्हणतात. मूळ पडदा ओल लागून गेला गं, हात लावला की पापुद्रे निघतात. मी त्याचे फोटो काढून जोडलेत, आता तेवढाच मोठा कापडावर छापायचाय. पण कापड एकाच पडद्यापुरतं आहे. चुकलं की संपलं."

"मग अडलंय कुठं?"

"आभाळात."

मी नमुन्याची पट्टी तिच्यापुढे धरते. तिच्या आभाळात केशरी विझता विझता जांभळा होतो. माझ्या पट्टीवर नुसती वीट दिसते. आत्या पट्टी डोळ्यांजवळ नेते, लांब धरते, हुंगूनसुद्धा बघते.

"ही संध्याकाळ नाही रेवा," ती म्हणते. "ही भट्टी आहे."

आम्ही दोघी हसत सुटतो. हसता हसता पायांना गार लागतं म्हणून मी खाली बघते, तर घाटाच्या पायऱ्या आहेत. तिचाच घाट, पडद्यावरचा. पाण्यावर ब्रशाचे फटकारे आहेत. मशीन शेवटच्या पायरीवर अर्धं पाण्यात उभं आहे आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. वर ते आभाळ आहे, अजून न वाळलेलं.

"हेच. हेच पाहिजे मला. कसं केलंस?"

"ते राहू दे. तू कसं करतेस ते सांग. रंग कालवतं कोण?"

इतक्या महिन्यांत मला हे कुणी विचारलेलं नाही. मी भराभर सांगत सुटते. शाया मोजक्याच असतात, त्यांतूनच सगळं जमवायचं. प्रत्येक कापड शाई वेगळी पितं, म्हणून प्रत्येक कापडाचं वेगळं प्रोफाइल, म्हणजे रंगांचा हिशेब, असतं. ते बघून कॉम्प्युटर ठरवतो, कुठली शाई किती सोडायची.

"म्हणजे मशीनच्या हाती कालवून तयार झालेला रंग येतो."

"हो. मग मशीन तो परत..."

मी थांबते.

"परत काय?"

"मशीनमध्येही रंग सुधारायची सेटिंग आहे. ती आपली चालूच असते. ते त्याच्या मतानं परत दुरुस्ती करतं."

आत्या पाण्यात हात बुडवते. बोटांवरून जांभळं ओघळतं. "माझ्याबरोबर पडदे रंगवायला गणपत असायचा, आठवतो ना? एकदा बादलीत मी तांबडा घातला. त्याला वाटलं घालायचा राहिलाय, त्यानंही घातला. दोघांचंही बरोबर होतं. बादली तेवढी बिघडली."

सकाळपासून मी प्रोफाइलं बदलत बसलेय आणि प्रत्येक वेळी माझ्या मागून मशीन तोच रंग पुन्हा कालवतंय. एकालाच कालवू द्यायचं. एवढंच.

मी कॉम्प्युटरकडे धावते. पायऱ्या चढता चढता त्यांची नाट्यगृहातली लाकडी शिडी होते, समोर रिकाम्या खुर्च्या आणि अंधार. आत्या माझ्यापुढे उतरून चाललीय, खुर्च्यांच्या दिशेनं.

"आत्या, तू कुठं?"

"जन्मभर पडद्याच्या मागे उभी राहिले," ती मान न वळवता म्हणते. "उद्या समोर बसून बघणार आहे."

"पहिल्या रांगेत?"

"छे. मधल्या. आभाळ कधी जवळून बघू नये."

मी जागी होते. पंखा, शटर, खालून आत आलेलं ऊन. तशीच उठून मी कॉम्प्युटरपाशी जाते, मशीनची सेटिंग्ज उघडते आणि रंग आपोआप सुधारण्यापुढची बरोबरची खूण काढून टाकायला हात पुढे करते.

खूण आधीच काढून टाकलेली आहे.

झोपेत मीच उठले असेन, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. मशीनच्या तोंडातून नमुन्याची एक नवी पट्टी बाहेर लोंबतेय. मी ती कापते, मूळ पडद्याचा उरलेला तुकडा घेते आणि दोन्ही उन्हात धरते. केशरी विझत विझत जांभळं होतं, आणि एक कुठं संपतं, दुसरं कुठं सुरू होतं ते मला सांगता येत नाही.

पट्टी अजून कोमट आहे.