टोचून घेतलं होतं ना?

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. पिंगळीत आमच्या गल्लीत देवी टोचणारा आला, तेव्हा घरचे सगळे शेतात होते. जावेच्या मुलाला मागे टोचलं होतं, तर त्याचा दंड सुजून तो चार दिवस तापाने फणफणला होता. मी माझ्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन कणगीमागे बसले.

"घरात लेकरू हाय का?" त्याने दारातून विचारलं. मी गप्प राहिले. तो पुढच्या घरी गेला.

महिन्याच्या आत तिला देवी आल्या. नवव्या दिवशी ती गेली.

"आईचा कोप हाय. निवद चुकला आपला," सासूबाई म्हणाल्या. सासऱ्यांनी मागच्या जन्मीचं भोगणं सांगितलं. शेजारच्या मुसलमान शिंप्याची बायको माझा हात धरून म्हणाली, "अल्लाकी अमानत थी, उनेच लिया. सबर करो बाई."

कुणीच मला दोष देत नव्हतं. तेच मला सोसवत नव्हतं.

यजमान परभणीला मास्तर होते, महिन्याकाठी घरी यायचे. देवधर्म मानत नसत. "कोप न्हाई अन् कर्म बी न्हाई. रोग हाय हा, अन् त्याला इलाज हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "टोचून घेतलं होतं ना?"

"घेतलं होतं."

ते खाली बसले. देव त्यांना नव्हताच. होता तो इलाजावरचा भरवसा, तो मी दोन शब्दांत काढून घेतला.

पुढच्या साली टोचणारा पुन्हा आला. शिंप्याच्या बायकोने आपल्या मुलाला कडेवर घेऊन यांना विचारलं, "मास्तर, बच्चेकू टोचना क्या?"

"आमच्या पोरीला टोचलं होतं," एवढंच हे बोलले. मी तिथेच ज्वारी पाखडत होते. सूप थांबलं, पण तोंड उघडलं नाही. ती मुलाला न टोचताच घेऊन माहेरी निघून गेली.

दिवाळीच्या आधी त्याला देवी आल्या. जीव वाचला, दोन्ही डोळे गेले. "अल्लाकी मर्जी," ती म्हणाली, आणि मी नेलेली पेज त्याला पाजू लागली.

तो सात वर्षांचा असताना आम्ही परभणीला बिऱ्हाड हलवलं. निघताना मी त्याला जवळ घेतलं. त्याने माझ्या गालावरून हात फिरवला.

"मावशी, तुमी रडायलाव का?"

"न्हाई," मी म्हणाले.